वाटसरूची भाकरी



पैसे नसताना जग कसे पाहावे यावर बोला, म्हणजे तरुण मुले येतील, असे व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी सुचवले होते. मुले आली आहेत, याचा मला फार आनंद आहे. खिशात दमडी न घेता देशच्या देश ओलांडणाऱ्यांच्या चित्रफिती तुम्ही रोज पाहता. कुणी ट्रकला हात दाखवत हिमालयात पोचतो, कुणी सायकलवर मध्य आशिया पार करतो. ते पाहून आपणही निघावे असे तुम्हाला वाटत असेल, आणि या वयात तसे वाटलेच पाहिजे. पण त्या चित्रफितींत एक माणूस फार थोडा वेळ दिसतो. रात्री दार उघडणारा, ताट वाढणारा, पडवीत घोंगडी टाकून देणारा. सकाळी हात हलवून निरोप दिला की तो संपतो. मला आज त्याच्याविषयी बोलायचे आहे. पैशाविना झालेल्या प्रत्येक प्रवासाचा खर्च कुणीतरी केलेला असतो. तो कुणी केला, कशासाठी केला आणि कुणासाठी करायचे नाकारले, हे पाहिल्याशिवाय अशा प्रवासाची गोष्ट पुरी होत नाही.

१३२५ साली इब्न बतूता मोरोक्कोतल्या तांजेरहून एकटा निघाला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मक्केची यात्रा करून परतायचे म्हणून निघालेला हा मुलगा पाव शतक भटकला. आपल्या दौलताबादेत येऊन गेला, गोव्याच्या किनाऱ्यावरही आला. त्याच्या प्रवासातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. आजच्या तुर्कस्तानातल्या देनिझली गावात तो शिरला, तेव्हा बाजारातली काही माणसे दुकानांतून उतरली आणि त्यांनी त्याच्या घोड्यांचे लगाम धरले. तेवढ्यात दुसरी टोळी आली. दोन्हींत जुंपली, सुरे निघाले. भाषा कळत नव्हती. हे दरोडेखोर आहेत, आता आपण लुटले जाणार, अशी त्याची खात्री झाली. मग अरबी जाणणारा एक हाजी भेटला आणि उलगडा झाला. पाहुणा आमच्याकडे उतरेल की तुमच्याकडे, यावरून ते भांडण होते! ती अखी नावाच्या मंडळांची माणसे होती. एकेका धंद्यातले तरुण एकत्र येत, एक मठ चालवत, दिवसाची कमाई संध्याकाळी तिथे आणून देत, तिच्यातून फळे आणि अन्न विकत घेत. वाटसरू आला तर त्याला जेवू घालत, न आला तर स्वतः जेवत. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि पाहुण्याची वाटणी झाली. इब्न बतूताचे धाडस आहेच, त्याविषयी शंका नाही. पण तो गावात यायच्या आधीच ती मंडळे तिथे होती. त्याच्यासाठी म्हणून कुणी ती काढलेली नव्हती. अनोळखी माणूस येणार हे धरूनच त्या गावाने आपल्या कमाईचा एक भाग बाजूला काढून ठेवला होता.

हीच गोष्ट आता घराजवळच्या माणसाच्या बाबतीत पाहू. धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मले. शिक्षण फारसे झाले नव्हते. नारळीच्या बागेची देखभाल, प्रकृती नाजूक, लग्न लहानपणी झालेले. एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांचे घरात लक्ष लागेना. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, मग त्यासाठी कितीही हाल सोसावे लागले तरी चालतील, असे ठरवून १८९९ च्या अखेरीस ते बाहेर पडले. पुणे, इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर करत काशीला पोचले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळात गेले. तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. बुद्धगयेला आले, तिथून कलकत्ता आणि १९०२ साली सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले, भिक्षू झाले. तिथले हवापाणी मानवेना म्हणून मद्रासला परतले, पुढे ब्रह्मदेशात विहारात राहिले, परत येऊन बुद्धाच्या पावलांनी पुनीत झालेल्या जागा भिक्षापात्र घेऊन हिंडले. हा सगळा प्रवास त्यांनी ‘निवेदन’ या आत्मकथनात लिहिला आहे. ते पुस्तक १९२४ साली आले. ज्या मुलांनी ते वाचले नसेल त्यांनी आज घरी जाण्याआधी या वाचनालयातून ते घेऊन जावे.

या माणसाजवळ पैसे कधीच नव्हते, तरी तो सात वर्षे तीन देशांत शिकत राहिला. कसा? काशीची कित्येक अन्नछत्रे मराठी सरदार-संस्थानिकांच्या देणग्यांवर चालत. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा आणि घाट आपण अभिमानाने सांगतो. त्या परंपरेत काशीला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याने जेवणाची चिंता करू नये, ही सोय शे-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी लावून ठेवली होती. सिलोन-ब्रह्मदेशात ती सोय विहार करत होते आणि विहारांना गावे पोसत होती. पिंडपाताचा नियम ध्यानात घ्या. भिक्षूने पात्र घेऊन दारात मुकाट उभे राहायचे, तोंडाने मागायचे नाही, पात्रात पडेल ते दुपारच्या आत खाऊन घ्यायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही. ज्या घरी भिक्षू उभा राहतो त्या घराने सकाळी चुलीवर भात चढवताना एक माणूस जास्त धरलेला असतो. असे हजारो वर्षे चालत आले, म्हणून साखवाळचा एक पोरका विद्यार्थी कोलंबोत पाली शिकू शकला आणि १९१० साली हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाला बसू शकला.

मधली एक गोष्ट सांगतो. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महाराष्ट्रात राहून लिहिण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा धर्मानंदांनी कलकत्ता विद्यापीठातली जास्त पगाराची जागा सोडली. मराठी माणसांना बुद्ध कळावा हे त्यांचे ध्येय होते. ज्याने वर्षानुवर्षे लोकांचे अन्न खाल्ले, त्याने ते असे फेडले. माझ्या दृष्टीने हार्वर्डपेक्षा हा निर्णय मोठा आहे.

पण खर्चाचा हिशेब मांडायचा म्हटल्यावर अवघड रकमा सोडून चालत नाही. धर्मानंद घर सोडून निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती. त्या वर्षांत त्या मायलेकींनी जे सोसले, तेही या प्रवासाच्या खर्चात धरायला हवे. ही केवळ त्यांचीच गोष्ट नाही. १८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचे कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेत निघाले, बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, मिळवलेले लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. घरची माणसे तेवढा काळ वाट पाहत होती. गाडगेबाबा १९०५ साली घरातून निघाले, तेव्हा कुंताबाई आणि मुले मागे राहिली. फिरस्त्या पुरुषांची चरित्रे लिहिताना आपण घरी राहिलेल्या बायकांना एका वाक्यात उरकतो. त्या एका वाक्यामागे कित्येक वर्षांची उपासमार आणि लोकांची बोलणी असतात.

दुसरी अवघड रक्कम जातीची. अन्नछत्रात पान मांडण्यापूर्वी जात आणि पोटजात विचारली जाई. धर्मानंद ब्राह्मण होते म्हणून त्यांना काशीत संस्कृत शिकता आले आणि अन्नछत्राच्या पंगतीत बसता आले. त्याच वर्षी, त्याच ओढीने, तितक्याच हुशारीने महारवाड्यातला एखादा मुलगा निघाला असता, तर त्याला काशीपर्यंत कुठल्या विहिरीने पाणी दिले असते? आपल्याकडच्या आतिथ्याचे गोडवे गाताना हा प्रश्न मला नेहमी टोचतो. आपण पाहुणचार केला, खूप केला. पण पाहुणा कोण हे आधी ठरवून केला.

आता मी ज्या बाईंविषयी बोलणार आहे, त्यांचे बालपण पैशाविना प्रवासातच गेले आणि त्यात हौसेचा लवलेशही नव्हता.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, लोकांचा विरोध पत्करला आणि पश्चिम घाटात गंगामूळला रानात आश्रम बांधला. ते ठिकाण यात्रेकरूंचे. येईल त्याला तिथे जेवण आणि निवारा, विद्यार्थ्यांना राहायची सोय. या अगत्यापायीच शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. जमीन गेली. जो माणूस वर्षानुवर्षे यात्रेकरूंना जेवू घालत होता, तोच यात्रेकरू होऊन रस्त्याला लागला. धाकटी रमा, जन्म १८५८ चा, तेव्हा काही महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगरावरून खाली आणले. पुढची वर्षे हे कुटुंब तीर्थाहून तीर्थाला जात राहिले. देवळात बसून पुराण सांगायचे, समोर पडेल त्या शिध्यावर दिवस काढायचा, असा क्रम.

मग १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी येईना, आले तरी टाकायला मूठभर तांदूळ नव्हते. भीक मागायची लाज, मजुरीची सवय नाही. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. राहिले ते रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघे चार हजार मैलांहून जास्त चालली, असे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हते. तेव्हा या भावंडांनी वाळूत खड्डे खणले, त्यात उतरून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि ऊब धरली. १८७८ साली कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

या प्रवासाला भटकंतीचे रूप देऊन रंगवणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. खिशात पैसे नसणे आणि कुठेच पैसे नसणे, यांत फरक आहे. धर्मानंदांजवळ पैसे नव्हते, पण त्यांच्या वाटेवरच्या घरांत भात होता. रमाबाईंच्या वाटेवर घरेच उपाशी होती. जिथे देणाऱ्याचे घर कोसळते, तिथे वाटसरू आधी मरतो. रिकाम्या खिशाने हिंडणाऱ्या मुलांनी हे मनात ठेवावे. तुम्ही ज्या खेड्यात मुक्काम कराल, तिथे या वर्षी पाऊस झाला का, एवढे तरी ताटावर बसण्याआधी विचारा.

रमाबाईंचे पुढचे सगळे आयुष्य मी या एका अनुभवाच्या उजेडात वाचतो. १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या बोटीचे भाडे उभे केले. लहान मुलगी मनोरमेला घेऊन १८८३ साली त्या गेल्या, पुढे अमेरिकेत पोचल्या. तिथल्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत लिहिलेले पुस्तक १८८९ चे आहे. एका विधवेने त्या काळात स्वतःच्या पुस्तकाच्या कमाईवर समुद्र ओलांडला, याची आपल्या प्रवासवाङ्मयाच्या इतिहासात हवी तितकी दखल नाही. आणि १८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तिथून शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी घरे उभी केली. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यावरून महाराष्ट्रात भांडणे झाली, अजूनही होतात. ती बाजूला ठेवून मी एवढेच म्हणेन की, आई-वडिलांना भुकेने मरताना पाहिलेली मुलगी वीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळात मुलींना वाचवायला गाडीत बसते, याच्याइतकी मोठी प्रवासाची गोष्ट मला ठाऊक नाही.

धर्मानंद ज्या १८७६ साली जन्मले, त्याच साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात, परीट कुटुंबात, डेबूजी जन्मला. पुढे तो गाडगेबाबा झाला. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फुटके गाडगे. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडत, मग भाकरी मागत. घेतलेल्या भाकरीची किंमत अंगमेहनतीने आधीच चुकती केलेली असे. पैशाविना हिंडणाऱ्याने कसे वागावे, याचा याहून स्वच्छ नमुना मला दिसत नाही. रात्री कीर्तन. देवापुढे नारळ फोडू नका, मुलांना शाळेत घाला, कर्ज काढून सण करू नका, असे ते लोकांना कळवळून सांगत.

आणि स्वतः उघड्यावर निजणाऱ्या या माणसाने इतरांसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. पंढरपुरात विठ्ठलाच्या ओढीने चालत येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना गावात टेकायला जागा नसे. वाळवंटात, पावसात रात्र काढायची. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, आणि चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्याला ओसरी बंद! त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांच्या कामातून मुंबईत परगावच्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवारे उभे राहिले. कारण गरीब माणूस सर्वांत जास्त प्रवास करतो तो आजारपणासाठी आणि कामासाठी. फूटपाथवर स्वयंपाक करणारी, केसपेपर पिशवीत जपणारी ती कुटुंबेसुद्धा पैशाविना प्रवासालाच निघालेली असतात. त्यांच्या चित्रफिती कुणी काढत नाही.

आता दोघा तरुणांकडे येतो, कारण आजच्या मुलांना ज्या अर्थाने हा विषय भावतो, त्या अर्थाने हे दोघे जग चालले. सतीशकुमार मूळचे राजस्थानातले, नवव्या वर्षी जैन मुनी झालेले, अठराव्या वर्षी ते सोडून भूदान चळवळीत आलेले. त्यांचे सोबती ई. पी. मेनन. अण्वस्त्रांविरुद्ध सत्याग्रह करणाऱ्या ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलना १९६१ साली वयाच्या ८९ व्या वर्षी तुरुंगात टाकल्याची बातमी या दोघांनी वाचली. नव्वदीला टेकलेला माणूस तुरुंगात जातो आणि आपण तरुण बसून राहतो, या विचाराने ते अस्वस्थ झाले. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या चार देशांच्या राजधान्यांना, मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला, पायी जायचे असे ठरले. आशीर्वाद घ्यायला ते विनोबांकडे गेले.

विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, म्हणजे गोडसे भटजींच्या वरसईच्याच भागातले. १९५१ पासून ते भूदानासाठी गावोगाव चालतच होते. त्यांनी या दोघांना दोन गोष्टी सांगितल्या. शाकाहार सोडू नका आणि जवळ एक पैसाही ठेवू नका. दुसऱ्या गोष्टीचे कारण सतीशकुमारांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. दिवसभर चालून दमलेल्या माणसाजवळ पैसे असले, तर तो खाणावळ शोधेल, जेवेल, निजेल आणि सकाळी निघून जाईल. गावातल्या कुणाशी त्याचा संबंध येणार नाही. पैसे नसले तर त्याला रोज संध्याकाळी कुणाच्या तरी दारात उभे राहावेच लागेल, आपण कोण, कशासाठी निघालो हे सांगावे लागेल. म्हणजे शांततेचा निरोप पोचवायची खात्रीची युक्ती विनोबांनी त्यांना दिली. पिंडपाताच्या नियमाला विनोबांनी विसाव्या शतकातले काम दिले, असे मी समजतो.

१ जून १९६२ ला राजघाटावरून ते निघाले. पाकिस्तानच्या हद्दीवर मित्रांनी खाण्याची पुडकी पुढे केली, शत्रूच्या मुलखात जाताय, निदान एवढे तरी घ्या. यांनी घेतली नाहीत. सोबत अन्न नेणे म्हणजे समोरच्या माणसावर अविश्वास नेणे, असे त्यांचे म्हणणे. आणि पलीकडे लाहोरच्या वाटेवर त्यांना शोधत आलेला यजमान भेटला. पुढे अफगाणिस्तान, इराण, मग सोव्हिएत संघ. कॉकेशसमध्ये चहाच्या कारखान्यातल्या एका बाईने त्यांना चहाची चार पाकिटे दिली, चार राजधान्यांतल्या चार नेत्यांसाठी. अणुबॉम्बची कळ दाबावीशी वाटेल तेव्हा क्षणभर थांबा, आधी हा चहा प्या, असा तिचा निरोप. मॉस्को झाले. पॅरिसला निदर्शने केली म्हणून तुरुंगात जावे लागले. लंडन झाले, रसेलही भेटले. अटलांटिक चालता येत नाही, तेव्हा बोटीचे तिकीट हितचिंतकांनी काढून दिले. अखेर जानेवारी १९६४ मध्ये वॉशिंग्टन. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी तोवर मारले गेले होते, त्यांच्या थडग्यापाशी यात्रा संपली. एकूण वाट आठ हजार मैलांची.

फाळणीला पंधरा वर्षे झालेली असताना दोन हिंदुस्थानी मुले रिकाम्या हातांनी पाकिस्तान ओलांडून गेली आणि त्यांना तिथल्या घरांनी जेवू घातले. हे मी मुद्दाम सावकाश सांगतो, कारण आज ते कुणाला खरेही वाटणार नाही.

आज ती वाट का चालता येत नाही, याचा दोष मी माणसांना देत नाही. घरे अजूनही उघडतात. तपासणीची नाकी बंद झाली आहेत. युरोपातल्या शेंगेन देशांत पाऊल टाकायचे तर आपल्या मुलाला बँकेचा उतारा दाखवावा लागतो, निदान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा घ्यावा लागतो, परतीचे आरक्षण, राहण्याची जागा, सगळे कागदावर लागते. माझ्याजवळ पैसे नाहीत, मी लोकांच्या घरी जेवेन, असे खिडकीत सांगणाऱ्याचा अर्ज तिथेच संपतो. उलट श्रीमंत देशांतले तरुण बँकॉकला किंवा हनोईला उतरतात आणि आमच्या प्रवासाला पैसे द्या, अशी पाटी घेऊन रस्त्यात बसतात. हे मला अजिबात पटत नाही. शेजारच्या गाडीवर भात विकणारी बाई त्यांच्याहून गरीब असते आणि तिला त्यांच्या देशात असे बसायला कधीच मिळणार नाही. भिक्षूला भिक्षा देणाऱ्या समाजाच्या चांगुलपणाचा तो गैरफायदा आहे. आपल्या मुलांपैकी कुणी असा हात पसरू नये. गाडगेबाबांसारखे आधी गाव झाडा, शेतात राबा, मुलांना चार अक्षरे शिकवा, मग जेवा. इंग्लंडमध्ये १९७१ साली सेंद्रिय शेतांवर काम करून राहण्या-जेवणाची सोय मिळवण्याची वूफ नावाची चळवळ सुरू झाली, ती आता अनेक देशांत आहे. हा मार्ग स्वाभिमानाचा आहे.

पाहुणचाराला बाजार कसा गिळतो, तेही पाहा. अनोळखी प्रवाशाला घरी फुकट मुक्काम देणाऱ्यांचे जाळे काउचसर्फिंग या नावाने २००४ साली सुरू झाले. जगभरच्या लाखो लोकांनी आपापली घरे उघडली. २०२० साली त्याच सेवेने सभासदांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली. घरे लोकांची, सतरंज्या लोकांच्या, आणि दारावर तिकीट मात्र तिसऱ्याचे. आपल्या तीर्थांतही हेच चालले आहे. जुन्या धर्मशाळा पाडून भक्तनिवास होतात, खोल्या स्वच्छ असतात, आणि दारात भाड्याचा तक्ता असतो. चालत आलेल्याला विनामूल्य टेकायची जागा विचारली, तर काउंटरवरचा मुलगा गोंधळतो.

तरीही ही रीत आपल्याकडे मेलेली नाही, हे नर्मदेच्या काठी दिसते. परिक्रमावासी आजही अनवाणी, मागेल ते मिळेल या भरवशावर चालतात. गावागावांत सदावर्त मिळते, कुणी पीठ-डाळ देतो, कुणी शिजवून वाढतो. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदा महाराष्ट्राच्या हद्दीवरून वाहते. तिथली मणिबेलीसारखी आदिवासी गावे सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, शूलपाणेश्वराचे जुने देऊळही बुडाले. परिक्रमेच्या पुस्तकांत या भागातल्या झाडीची भीती फार रंगवलेली असते, वाटमारीचे किस्से असतात. ज्या पाड्यांनी यात्रेकरूंना पाणी आणि भाकर दिली, त्यांना स्वतःचे घर हलवावे लागले, तेव्हा किती यात्रेकरू त्यांच्या बाजूने उभे राहिले? ज्याच्या हातचे खाल्ले त्याच्या अडचणीत उभे राहायचे नसेल, तर नर्मदे हर म्हणत चाललेली ती वाट पुरी झाली असे मी मानत नाही.

मुलांनो, तुम्ही जरूर निघा. मुलींनी तर निघावेच, आणि त्यांच्यासाठी वाट सुरक्षित करणे हे आमच्या पिढीचे काम आहे. निघताना शिवणकाम, सायकल दुरुस्ती, स्वयंपाक, प्रथमोपचार, काहीतरी हातचे शिकून घ्या, म्हणजे ज्याच्या घरी उतराल त्याच्या उपयोगी पडाल. जिथे राहिलात त्या घराला परतल्यावर पत्र लिहा.

आणि इथे बसलेल्या विश्वस्तांना, सरपंचांना, मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. देवस्थानाच्या भक्तनिवासातला एक दिवाणखाना चालत येणाऱ्यांसाठी विनामूल्य ठेवा. सुट्टीत शाळेचा एक वर्ग उघडा ठेवा. पाण्याचा माठ, दोन सतरंज्या, स्वच्छ संडास आणि आतून कडी लागणारे दार, एवढे पुरते. दारात जात विचारू नका, आडनाव विचारू नका, धर्म विचारू नका. पोलीस ठाण्यात नोंद करायची असेल तर करा, पण ती जेवण झाल्यावर. या वाचनालयामागची खोली मी येताना पाहिली. तिच्यात जुनी कपाटे आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या आहेत. आषाढी वारीच्या आधी ती रिकामी करून झाडून घ्या, आणि दारावर पाटी लावा की इथे कुणालाही रात्र काढता येईल.